मुरलेला पाईप

२० फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या मेहुण्यांनी परवा दूरध्वनीवरून साऱ्या नातलगांना ऐकवलेला वृत्तान्त चार ठिकाणी चुकीचा आहे. हे हिचे धाकटे बंधू. घरात सगळे त्यांना ‘दवंडी’ म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक असूनही त्यांच्यात सुधारणा नाही. त्यांचे निवेदन असे: “दाजींनी वाढदिवसाला लहान पोरासारखा हट्ट धरला, मला पाईप ओढायचाय म्हणून. मुलानं लगोलग आणून दिला. म्हटलं बरं केलंस, पुरव आता हौस.”

पहिली चूक. वाढदिवस ११ तारखेस झाला. पाईपचा विषय १४ तारखेस निघाला. दुसरी चूक. तो घरी निघाला नाही. पाठदुखी आणि घटते वजन यांसाठी माझ्या काही तपासण्या सांगितल्या होत्या, त्या तपासणी केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात निघाला. तिसरी चूक. मी हट्ट धरला नाही. तेथे पडलेल्या एका जीर्ण मासिकात खिडकीशी बसून पाईप ओढणाऱ्या गृहस्थाचे चित्र होते. ते मी चिरंजीवांना दाखवले आणि म्हणालो, “या माणसाला कसलीही घाई दिसत नाही.” याहून एक अक्षर अधिक नाही. चौथी चूक. पाईप अद्याप घरात आलेलाच नाही.

शिवाय ‘पुरव आता हौस’ या वाक्यात ‘आता’ कशासाठी घातला, हे त्यांचे त्यांनाच माहीत.

मी विमा कंपनीत छत्तीस वर्षे पॉलिसींच्या अटी लिहिल्या. माझ्या एकाही वाक्यातून वकिलाला दोन अर्थ काढता आले नाहीत. अशा माणसाविषयी घरचेच लोक असे ढिसाळ बोलतात, म्हणून ही वही आजपासून सुरू केली आहे.

खरे नवल पुढे आहे. माझ्या चहातल्या दुसऱ्या चमचाभर साखरेवर वीस वर्षे डोळा ठेवणारे चिरंजीव त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. १६ तारखेस ते एकटे जाऊन अहवाल घेऊन आले (यकृताला किंचित सूज, गोळ्यांनी उतरेल), आणि रात्रीच्या जेवणात स्वतःहून म्हणाले, “बाबा, घ्या की मग एक पाईप.” मी हिच्याकडे पाहिले. माझा एक सहकारी सिगारेट ओढून घरी येऊन गेला, तेव्हा हिने दिवाणखान्याचे पडदे उतरवून धुतले होते. ती ताटाकडे बघत म्हणाली, “काळा घेऊ नका. तपकिरी घ्या.”

मी आयुष्यात तंबाखूस शिवलेलो नाही. म्हणून काल रीतसर डॉक्टरांचे मत विचारले. त्यांनी आधी चिरंजीवांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “काही हरकत नाही. मजेत राहा.” शहात्तराव्या वर्षी वैद्यकीय अनुमती मिळते, याचा अर्थ मूळ प्रकृती भक्कम आहे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

चिरंजीवांसह तंबाखूच्या दुकानात गेलो. एका बाजूस काचेच्या कपाटात पाईप, दुसऱ्या बाजूस हातात धरावयाच्या काठ्या. म्हणजे गिऱ्हाईक एका दाराने येऊन आयुष्यभर बाहेर पडू नये अशी सोय. गल्ल्यावर पन्नाशीच्या बाई. दुकान यजमानांचे, ते गेल्यावर या चालवतात. स्वतः ओढत नाहीत आणि जिभेला हाड नाही.

“कुणासाठी बघताय?”

“माझ्यासाठी.”

त्यांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळले. “पहिलाच? उशिरा सुचलं, आजोबा.”

मी आपला आजोबा नव्हे, असे त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा तासभर मला आजोबाच म्हटले.

मला चित्रातल्यासारखा वाकडा, खाली झुकलेला पाईप हवा होता. बाईंनी तो काढून दिला आणि लगेच नकोही म्हणाल्या. वाकड्यात ओल साठते, नवख्याला ती काढता येत नाही, मग हुक्क्यासारखी गुरगुर सुरू होते. “नवी माणसं वाकडीच पाईप मागतात,” असे त्या म्हणाल्या. पाईप पुल्लिंगी आहे, असे मी सौम्यपणे निदर्शनास आणले. “असेल. ओली झाली की दोन्ही लिंगं सारखीच गुरगुरतात.”

चिरंजीव हसले. मी हसलो नाही. परंतु वाक्य चांगले होते.

त्यांनी सांगितले त्याचे सार असे. ब्रायर हे एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचे लाकूड. निखारा सोसते म्हणून पाईपसाठी घेतात. पहिला पाईप सरळ, हलका, मध्यम वाटीचा असावा. नक्षीवर भाळू नये. नक्षीखाली पुष्कळदा लाकडाची भोके लपवलेली असतात. चकाकीवरही भाळू नये, कारण जाड रोगण लाकडाला श्वास घेऊ देत नाही. नळीतून लवचीक तार घालून पाहावी. ती वाटीच्या तळाशीच निघाली पाहिजे, वर निघाली तर खालची तंबाखू कायम ओली राहते. माझी कवळी आहे हे त्यांनी मी न सांगता ओळखले. कवळीवाल्याने वजन दातांवर तोलून पाहिल्याशिवाय पाईप घेऊ नये. त्यांनी पुसून दिलेले पाच पाईप मी आरशासमोर क्रमाने तोंडात धरून पाहिले. चौथा धरला असता कवळीने राजीनामा दिला.

“आणि लगेच गोड लागेल अशी आशा ठेवू नका,” बाई म्हणाल्या. “नवा पाईप जावयासारखा असतो. पहिलं वर्षभर चटके देतो, मग मुरतो.” आरंभी अर्धीच वाटी भरावयाची, दिवसातून एकदाच ओढावयाचा, मग त्याला विश्रांती द्यावयाची. आत कोळशाचा पातळ थर हळूहळू धरतो. तो तळापर्यंत धरला की धूर गार येतो. तोवर कडू आणि तापट. “मुरायला वर्ष लागतं. शॉर्टकट नाही.”

मला हे फार आवडले. वर्षभराची शिस्त लागणारी वस्तू हल्ली मिळते कोठे? मी तसे चिरंजीवांना म्हणालो. ते रस्त्याकडे पाहत उभे होते. वळून त्यांनी बाईंना विचारले, लगेच चांगला लागेल असा एखादा नाही का? बाई म्हणाल्या, लगेच चांगला म्हणजे जुना; दुसऱ्याने मुरवलेला, घासून पुसून ठेवलेला. तसेही त्या विकतात.

दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू मी तोंडात घालणार नाही, असे मी निक्षून सांगितले. या पिढीला कशासाठीच थांबवत नाही.

१ मार्च, शुक्रवार

निवड झाली. सरळ, तपकिरी, रोगण नसलेला. वाटीच्या एका अंगाला लाकडाच्या रेषा ज्योतीसारख्या वर जातात. तार तळाशी निघाली. वजन पेल्यातल्या चमच्याइतके. दुसरा एक अधिक देखणा होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि मग पुन्हा एकदा वळून पाहिले, हेही नोंदवतो.

कवळीसाठी मुखाकडील टोक किंचित घासून अरुंद करावे लागेल. बाईंनी पाईप ठेवून घेतला. मंगळवारी मीच आणीन, असे चिरंजीव म्हणाले. कार्यालयातून तो रस्ता त्यांना आडवळणाचा आहे. त्यांना मी आळशी समजत आलो. मत थोडे सैल करावे लागेल.

५ मार्च, मंगळवार

पाईप आला. गच्चीत खुर्ची टाकली. हिने खुर्चीवर नवी उशी ठेवलेली आढळली, आणि चहात साखरेचा दुसरा चमचाही. राख झाडावयास हिने काचेच्या कपाटातली, पाहुण्यांसाठी राखलेली बशी आणून ठेवली. मी म्हणालो, “ही बशी?” ती म्हणाली, “पाहुणे कुठं येतायत आता.”

वाटी आतून काळी होती. नव्या पाईपला आत काळा लेप देतात असे बाई म्हणाल्या होत्या, तोच असावा. अर्धी वाटी भरली. दोन काड्या विझल्या, तिसरीने पेटला. कडू लागेल, जीभ भाजेल, या तयारीने पहिला झुरका घेतला आणि तो तोंडातच धरला. धूर गार होता. गोडसर, भाजलेल्या सुपारीसारखा, मागे किंचित लवंगेचा भास.

एकतर बाई व्यापाऱ्यांच्या रीतीने भय घालतात, किंवा मला या विषयात उपजत गती आहे. दुसरे अधिक संभवनीय वाटते.

चिरंजीव दारात उभे राहून पाहत होते. “कसा आहे, बाबा?” “उत्तम,” मी म्हणालो. ते आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले. त्यांना धूर सोसत नाही, हे अनुमान.

९ मार्च, शनिवार

कन्या अचानक आली. तिला तिच्या गावी कधी रजा मिळत नाही. गेल्या खेपेस माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हाही मिळाली नव्हती. “काही काम नव्हतं, म्हणून आले,” म्हणाली. सायंकाळी गच्चीत सगळेच माझ्याभोवती खुर्च्या टाकून बसले. सूनबाईसुद्धा, जिला एरवी उदबत्तीच्या धुराने शिंका येतात. कन्येने मला लहानपणचे काही सांगा म्हटले. मी बोलत असता तिचा दूरध्वनी माझ्या मांडीजवळ उलटा ठेवलेला होता. तो ध्वनिमुद्रण करीत होता हे मला ठाऊक होते. म्हणून वाक्ये पूर्ण करीत बोललो.

वडिलांच्या सायकलीची गोष्ट सांगितली. ही म्हणाली, “ही मला माहीत नव्हती.” नसेल. कधी कोणी विचारले नव्हते.

पाईप विझला तरी मी तो दातांत धरून बसलो होतो. हे नंतर माझ्या लक्षात आले.

१५ मार्च, शुक्रवार

तीन दिवस पाईप बंद. मळमळ, ओकारी, पाठीत कळ. बाईंना दूरध्वनी करून विचारले. नवख्यांना तंबाखू लागते, रिकाम्या पोटी ओढू नका, म्हणाल्या. मी हे सर्वांस सांगितले: “तंबाखू लागली, दुसरे काही नाही.” कोणी प्रतिवाद केला नाही. डॉक्टर घरी येऊन गोळ्या बदलून गेले. बोलावले नसता आले. हल्ली डॉक्टर असे येत नाहीत.

पट्ट्याला सुरीने नवे छिद्र पाडले. हिचे पातळ सूप याला कारण आहे. तिला तसे सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली.

२४ मार्च, रविवार

फसवणूक झाली आहे.

प्रकृतीला उतार पडल्यामुळे सकाळी भिंगातून वाटीची पाहणी केली. कोळशाचा थर किती धरला, हे पाहण्याचा हेतू. सळीने थोडे खरवडले. लेप म्हणून मी जो समजत होतो तो लेप नव्हे. तळापर्यंत एकसारखा, नखाएवढा जाड, दगडासारखा टणक थर आहे. माझ्या या थोड्या दिवसांच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्यांतून तो धरणे अशक्य. मग वाटीची कड पाहिली. घासून पॉलिश केलेल्या जागेखाली डाव्या अंगाला जळल्याचा डाग आहे. मी काडी उजव्या हातात धरतो. कोण्या डावखुऱ्या माणसाने हा पाईप वर्षानुवर्षे ओढला आहे. लवंगेचा तो भासही त्याचाच. मी घेतलेल्या तंबाखूत लवंग नाही.

लाकडाच्या रेषा ज्योतीसारख्या आहेत, पण माझ्या पाईपच्या नव्हेत. माझ्या निवडीच्या जागी बाईंनी जुना माल चिरंजीवांच्या गळ्यात मारला. भोळा मनुष्य, पाहिलेसुद्धा नाही. त्यांना हे सांगणार नाही. फसल्याचे कळले तर खजील होतील. बाईंचा समाचार मीच घेईन.

परक्या माणसाच्या तोंडातली वस्तू मी तोंडात धरून गोड म्हणत होतो.

२ एप्रिल, मंगळवार

आज टॅक्सीने एकटा गेलो. हिला पायी चक्कर मारतो म्हणून सांगितले.

पाईप गल्ल्यावर ठेवला आणि थर, डाग, वास असा मुद्देसूद आरोप केला. बाईंनी पाईप हातात घेतला, उलटा केला, आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर म्हणाल्या, “चूक झाली. बदलून देते.”

एवढ्याने माझे समाधान होणार नव्हते. चूक दोन प्रकारची असते, हेतुपुरस्सर आणि अनवधानाने, यांपैकी कोणती? त्या म्हणाल्या, “कुठलीही धरा.” मी म्हणालो, व्यापारी संघाकडे तक्रार नोंदवीन. “नोंदवा.” मग मी म्हणालो की, माझ्या मुलालाही आज सांगतो, तुम्ही त्याच्या साधेपणाचा कसा फायदा घेतलात ते.

तेव्हा त्यांनी काठ्यांजवळचे स्टूल ओढून पुढे केले. “बसा, आजोबा.”

मी बसलो नाही.

“मुलाला बोलू नका काही. त्यानंच मागितला. तुमचा नवा मी घासून, कागदात बांधून ठेवला होता. अजून आहे आत. तो आला आणि म्हणाला, त्यातल्या त्यात तसाच दिसणारा जुना द्या. मी म्हटलं, अहो, त्यांना जुना नकोय, माझ्यासमोर म्हणाले. तर म्हणाला, बाई, नव्याला मुरायला वर्ष लागतं म्हणालात ना तुम्ही. तेवढा वेळ नाही.”

“कोणाला?” मी विचारले.

बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. जिच्या जिभेला हाड नाही ती बाई गल्ल्यावरची धूळ हाताने पुसू लागली.

मी स्टुलावर बसलो.

४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांकडे एकटा गेलो. माझ्या नावाचा अहवाल माझ्या हाती द्यावा, अशी मागणी केली. “घरच्यांनी विनंती केली होती,” असे ते म्हणाले. मी विचारले की, यकृत घरच्यांचे आहे काय? त्यांनी खण उघडला.

अहवाल १६ फेब्रुवारीचा आहे. स्वादुपिंडातून यकृतात पसरले आहे. सूज हा शब्द त्यात नाही. किती अवधी, असे विचारले असता डॉक्टरांनी आधी खांदे उडवले, मग ऑगस्टच्या पुढचे काही ठरवू नका म्हणाले. अहवालात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. त्या मी तेथेच पेन्सिलीने दुरुस्त केल्या. डॉक्टरांनी तोवर वाट पाहिली.

विम्याच्या करारातली पहिली अट मी किमान पन्नास पॉलिसींत स्वतः लिहिली आहे: महत्त्वाची वस्तुस्थिती दडवल्यास करार आरंभापासून रद्द. आरंभापासून. म्हणजे १६ फेब्रुवारीपासून या घरात मला मिळालेली उशी, बशी, साखरेचा दुसरा चमचा, कन्येची रजा, गच्चीतल्या त्या सायंकाळी, हे सर्व रद्द. मी सायकलीची गोष्ट सांगत होतो आणि ते एका मरणाऱ्या माणसाचे ध्वनिमुद्रण करीत होते. मी उत्तम म्हणालो आणि मुलगा नळाशी जाऊन रडला. घरात सर्वांना एक गोष्ट ठाऊक होती, आणि ज्याच्याशी ती संबंधित तो तेवढा उपजत गतीच्या बढाया मारीत बसला होता.

मेहुण्यांनासुद्धा ठाऊक होते; त्यांच्या वाक्यातला तो ‘आता’ त्यासाठीच होता! दवंडीला पोटात ठेवता आले आणि मला एकट्यालाच पचणार नाही, असे यांनी ठरवले.

६ एप्रिल, शनिवार

दुपारचे जेवण झाल्यावर पाईप टेबलाच्या मधोमध ठेवला. चिरंजीव, सूनबाई, ही. कन्या परवाच परत गेली आहे. मी विचारले, “हा कोणाचा?”

चिरंजीवांचा चेहरा पाहूनच उत्तर मिळाले, तरी मी अहवालाची प्रत त्याशेजारी ठेवली. ते मान खाली घालून बसले. सूनबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबा, तुम्हाला त्रास नको म्हणून, तुम्हाला शांतपणे, आम्हाला वाटलं की. अशी त्यांची चारपाच वाक्ये झाली, त्यांतील एकही पूर्ण झाले नाही. मी त्यांना म्हणालो की, आयुष्यात एक वस्तू मी स्वतःकरिता पाहून, तोलून निवडली. तीही तुम्हाला माझ्या हाती देववली नाही. माझ्या मरणात माझीच माहिती सर्वांत कमी असावी, असा तुमच्या प्रेमाचा अर्थ असेल, तर ते प्रेम तुम्ही परत घ्या.

हे कठोर होते. खरेही होते.

तेव्हा ही बोलली. आवाज चढला नाही. टेबलावरचे पाण्याचे थेंब फडक्याने टिपत बोलली.

“त्याला कशाला बोलताय? मी सांगितलं होतं, यांना कळू द्यायचं नाही म्हणून.”

“का?”

“कळलं असतं तर काय केलं असतंत? खोलीचं दार लावून त्या रिपोर्टातल्या चुका काढत बसला असतात. काढल्यातच ना?” अहवाल उघडाच होता. “हे सात आठवडे तुम्ही आमच्यात बसलात. हसलात. चाळीस वर्षांत माझ्याजवळ असे बसला नाहीत. ते मला हवं होतं. मी घेतलं. आता काय म्हणायचं ते म्हणा.”

मी पाईप तेथेच ठेवला, खोलीत आलो आणि दार लावले. लावल्यावर तिचे वाक्य आठवले. परंतु एकदा लावलेले दार लगेच उघडणे हास्यास्पद दिसले असते.

१२ एप्रिल, शुक्रवार

चिरंजीवांनी माझा नवा पाईप दुकानातून आणून न बोलता पलंगालगतच्या मेजावर ठेवला. बाईंनी बांधलेली दोरी तशीच होती.

गच्चीपर्यंत जाण्यास आता भिंतीचा आधार लागतो. अर्धी वाटी भरली. धूर गरम, तिखट आणि कडू, जिभेचे टोक भाजले, दोनदा विझला. बाईंनी सांगितले होते त्यात अक्षराचाही फरक नव्हता. तिसऱ्यांदा पेटवण्याइतका दम नव्हता. तरी हाच माझा. मुरला नाही तर न मुरो.

आत परतताना पाहिले, जुना पाईप कपाटाच्या वरच्या फळीवर, वाटी खाली आणि नळी वर करून, विश्रांतीस ठेवावा तसा ठेवलेला आहे. आत तारेचा धागा घातलेला. पडदे धुणारी बाई दुसऱ्याचा पाईप साफ करून ठेवते. मी २४ मार्चपासून तो ओढलेला नाही. तिने कोणासाठी ठेवला? शिवाय तारेचे टोक तिने चुकीच्या बाजूने घातले आहे. सांगावयास गेलो तो ती झोपलेली होती, दुपारची, माझ्या खुर्चीतली उशी डोक्याखाली घेऊन. तसाच परतलो.

२१ एप्रिल, रविवार

अक्षर वाकडे येऊ लागले आहे. म्हणून हे आजच. माझ्या पश्चात मेहुणे महाशय जो वृत्तान्त प्रसृत करतील, त्यातील दिनांक आगाऊ शुद्ध करून ठेवीत आहे.

वाढदिवस: ११ फेब्रुवारी. त्या दिवशी मी काहीही मागितले नाही.

पाईपचा प्रथम उल्लेख: १४ फेब्रुवारी.

अहवाल: १६ फेब्रुवारी. चिरंजीवांना व हिला त्याच दिवशी कळले. कन्येला व सूनबाईला १७ तारखेस. मेहुण्यांना १८ तारखेस.

मला: २ एप्रिल, तंबाखूच्या दुकानात. डॉक्टरांकडून ४ एप्रिल. घरच्यांकडून ६ एप्रिल, तेही मी विचारले तेव्हा.

नव्या पाईपची निवड: १ मार्च. तो हाती आला: १२ एप्रिल.

‘शेवटपर्यंत त्यांना काही कळू दिलं नाही, सुखात होते’ असे सांगितले जाईल. यात दोन विधाने एकत्र झाली आहेत; ती वेगळी करावी. अनभिज्ञ: १६ फेब्रुवारी ते २ एप्रिल. सुखात: ५ मार्च ते २४ मार्च.

‘चाळीस वर्षांत माझ्याजवळ असे बसला नाहीत’: आमचा विवाह ३ मे रोजी झाला आणि येत्या ३ मे रोजी त्यास एकोणपन्नास वर्षे पूर्ण होतील. हिचा हिशेब सहसा चुकत नाही. तेव्हा पहिली नऊ वर्षे मी तिच्याजवळ बसत असलो पाहिजे. त्यांचा एकही दिनांक माझ्यापाशी नाही. ही नोंद अपूर्ण ठेवतो; तिला विचारावे लागेल.